कार्यस्थळी सामूहिक तालवादन

कार्यस्थळी सामूहिक तालवादन हा संघबांधणीचा एक प्रकार आहे. यात एकाच संस्थेतील कर्मचारी वर्तुळाकार बसून जेंबे, ढोल किंवा अन्य तालवाद्ये एका लयीत वाजवतात. ‘ड्रम सर्कल’ या नावानेही हा उपक्रम ओळखला जातो. सहभागी व्यक्तींना वादनाचे पूर्वशिक्षण असणे अपेक्षित नसते. कार्यक्रम सादर करणे हा या उपक्रमाचा हेतू नसतो. एकमेकांचे ऐकणे, लय सांभाळणे आणि समूहाचा भाग असल्याची जाणीव निर्माण होणे याला त्यात महत्त्व असते. एका लयीतील हालचालींमुळे परस्पर आपुलकी व सहकार्य वाढते, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. मात्र हा परिणाम दैनंदिन कामात टिकतो का आणि सहभाग खरोखर ऐच्छिक असतो का, याविषयी मतभेद आहेत.

## पूर्वपीठिका: श्रम आणि लय

काम आणि ताल यांचा संबंध आधुनिक कार्यालयांपेक्षा कितीतरी जुना आहे. जर्मन अर्थशास्त्रज्ञ कार्ल ब्यूशर यांनी १८९६ मध्ये ‘श्रम आणि लय’ या अर्थाच्या शीर्षकाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. निरनिराळ्या समाजांतील श्रमगीतांचा अभ्यास करून त्यांनी असे मांडले, की लयीमुळे श्रम सुसह्य होतात आणि अनेकांचे बळ एका क्षणी एकवटते. दोरखंड ओढणे, वल्ही मारणे, धान्य कांडणे अशा कामांत सर्वांचा जोर एकाच वेळी लागावा लागतो. ती वेळ साधण्याचे काम गीत किंवा ठेका करतो.

महाराष्ट्रात जात्यावर दळताना म्हटल्या जाणाऱ्या ओव्या आणि शेतातील सामूहिक कामाच्या वेळी गायिली जाणारी भलरी ही याची परिचित उदाहरणे होत. १९७५ मध्ये संगीत-अभ्यासक जेम्स कोटिंग यांनी घाना विद्यापीठाच्या टपाल कार्यालयात केलेले ध्वनिमुद्रणही या संदर्भात प्रसिद्ध आहे. तेथील कर्मचारी पत्रांवरील तिकिटांवर शिक्के मारताना त्या ठोक्यांमधूनच एक ताल निर्माण करत आणि त्यावर शिळेने धून वाजवत. या उदाहरणांत ताल कामातूनच उपजलेला असून तो काम करणाऱ्यांच्या हातात होता. आजच्या कार्यालयीन सत्रांत मात्र ताल कामाबाहेरून, बहुधा व्यवस्थापनाच्या पुढाकाराने येतो.

## आधुनिक ड्रम सर्कलचा उदय

वर्तुळात बसून मुक्तपणे तालवादन करण्याची आधुनिक पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रुजली. नायजेरियन तालवादक बाबातुंदे ओलातुंजी (१९२७–२००३) यांच्या १९६० मधील ‘ड्रम्स ऑफ पॅशन’ या ध्वनिमुद्रिकेमुळे पश्चिम आफ्रिकी तालवाद्यांची तेथे मोठी ओळख झाली. ‘ग्रेटफुल डेड’ या वाद्यवृंदाचे तालवादक मिकी हार्ट यांनी १९९१ मध्ये अमेरिकी सिनेटच्या वृद्धत्वविषयक समितीपुढे साक्ष देऊन समूहवादनाचे लाभ मांडले. आर्थर हल यांनी अशा वर्तुळांचे संचालन करण्याची पद्धत विकसित केली आणि १९९८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्यानंतर शाळा, रुग्णालये, वृद्धाश्रम आणि कंपन्यांची प्रशिक्षणे येथे हा उपक्रम पसरला. भारतातही मुंबई, पुणे, बंगळूर यांसारख्या शहरांतील कंपन्यांमध्ये अशी सत्रे घेतली जातात.

जपानमध्ये समूहवादनाची एक वेगळी परंपरा घडली. दाइहाची ओगुची यांनी १९५१ मध्ये निरनिराळ्या आकारांचे ताइको ढोल एकत्र आणून वृंदवादन सुरू केले. ‘कुमी-दाइको’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकारात दीर्घ सराव आणि शिस्त यांना महत्त्व आहे. त्यामुळे तो तासाभराच्या ड्रम सर्कलहून भिन्न ठरतो.

## सत्राचे स्वरूप

सत्र चालवणाऱ्या व्यक्तीला संचालक म्हणतात. आसने वर्तुळाकार मांडली जातात, त्यामुळे प्रत्येकाला इतर सर्व जण दिसतात आणि अधिकारपदानुसार पुढची-मागची जागा उरत नाही. सर्वाधिक वापरले जाणारे वाद्य म्हणजे जेंबे. पश्चिम आफ्रिकेतील या चषकाच्या आकाराच्या वाद्यावर सहसा बकरीचे कातडे ताणलेले असते. मध्यभागी तळहाताने वाजवल्यास खर्जाचा आणि कडेवर वाजवल्यास चढा ध्वनी निघतो. जोडीला खुळखुळे, घंटा, कधी रिकामे डबेही असतात.

सुरुवात सर्वांना जमेल अशा सोप्या ठेक्याने होते. नंतर संचालक एक बोल वाजवतो आणि समूह तो परत वाजवतो. पुढे समूहाचे दोन-तीन गट पाडून प्रत्येकाला वेगळा ठेका दिला जातो. आपला ठेका न सोडता दुसऱ्याचा ऐकणे हा सत्रातील सर्वांत कठीण आणि सर्वांत बोधक भाग असतो. आवाज चढवणे, उतरवणे व एकदम थांबणे हे हातांच्या खुणांनी केले जाते. शेवटी संचालनाची सूत्रे सहभागी व्यक्तींकडे सोपवली जातात. अशा वेळी एखादा कनिष्ठ कर्मचारी खुणा करतो आणि वरिष्ठांना त्या पाळाव्या लागतात.

## परिणामांमागील कारणे

अमेरिकी इतिहासकार विल्यम मॅक्नील यांनी १९९५ मधील ‘कीपिंग टुगेदर इन टाइम’ या ग्रंथात कवायत व नृत्य यांचा इतिहास मांडला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैन्यात केलेल्या कवायतीचा स्वतःचा अनुभव आधारभूत धरून, एका लयीत दीर्घकाळ हालचाल करणाऱ्या समूहात निर्माण होणाऱ्या आपलेपणाला त्यांनी ‘स्नायुबंध’ अशा अर्थाची संज्ञा दिली.

पुढील काळात या कल्पनेची प्रयोगांद्वारे तपासणी झाली. २००९ मध्ये स्कॉट विल्टरमथ आणि चिप हीथ यांनी केलेल्या प्रयोगांत, एका पावलात चाललेल्या किंवा एका तालात हालचाल केलेल्या व्यक्तींनी नंतरच्या आर्थिक खेळांत समूहाच्या हिताला अधिक प्राधान्य दिले. त्याच वर्षी सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांनी दाखवले, की लहान मुले यंत्राच्या ठोक्यापेक्षा माणसाबरोबर वाजवताना ताल अधिक चांगला सांभाळतात. २०११ मधील एका अभ्यासात जोडीने ढोल वाजवल्यानंतर सहभागी व्यक्तींची मदत करण्याची वृत्ती वाढलेली दिसली. मात्र ज्यांना ताल सहज जमला, त्यांच्यातच हा परिणाम ठळक होता. नवशिक्यांच्या सत्रात ठेका सोपा ठेवण्याला यामुळे आधार मिळतो.

मानवशास्त्रज्ञ रॉबिन डनबार व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये नोंदवले, की संगीत नुसते ऐकण्यापेक्षा गाणे, नाचणे वा ढोल वाजवणे यांनंतर वेदना सहन करण्याची क्षमता वाढते. शरीरात एंडॉर्फिन ही द्रव्ये स्रवत असल्याचे ते अप्रत्यक्ष लक्षण मानले जाते.

## महाराष्ट्रातील ढोल-ताशा पथके

मराठी समाजात सामूहिक तालवादनातून घडणाऱ्या संघभावनेचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे गणेशोत्सवातील ढोल-ताशा पथके. पुण्यातील पथकांत विद्यार्थी, माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील कर्मचारी, डॉक्टर, व्यावसायिक असे निरनिराळ्या व्यवसायांतील तरुण-तरुणी एकत्र येतात. उत्सवापूर्वी काही आठवडे, वाद्यपूजन करून नदीकाठी किंवा मोकळ्या मैदानात सराव सुरू होतो.

पथकातील कामांची विभागणी स्पष्ट असते. ताशा तालाची चाल ठरवतो, ढोल ती पेलून धरतात आणि झांज व ध्वज मिरवणुकीला रूप देतात. ढोल कमरेला बांधून एका हाताने टिपरू आणि दुसऱ्या हाताने थाप मारली जाते. वाद्ये ताणणे, वाहून नेणे, वादकांना पाणी पुरवणे ही कामेही सदस्यच करतात. त्यामुळे येथील जवळीक केवळ वादनातून येत नाही. दीर्घ सराव, समान जबाबदारी आणि सर्वांनी मान्य केलेले उद्दिष्ट यांचाही त्यात वाटा असतो. एखाद्या दुपारच्या कार्यालयीन सत्राला नेमक्या याच गोष्टी लाभत नाहीत.

## मर्यादा आणि टीका

समूहात काम करताना प्रत्येकाचा वाटा घटू शकतो, ही बाब फ्रेंच कृषी अभियंता माक्स रिंगेलमान यांच्या दोर ओढण्याच्या प्रयोगांतून पुढे आली. हे प्रयोग १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. ओढणाऱ्यांची संख्या वाढली तसा दरडोई जोर कमी झाला. १९७९ मध्ये टाळ्या वाजवणे आणि ओरडणे यांवर झालेल्या प्रयोगांतही हेच आढळले. मोठ्या वर्तुळातील गजरातही एखाद्याला न वाजवता लपून राहता येते. म्हणूनच गट लहान करणे उपयुक्त ठरते.

संघबांधणीच्या उपक्रमांवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे उपक्रम उपयोगी ठरत असल्याचे दिसले. परंतु उद्दिष्टे निश्चित करणे आणि भूमिका स्पष्ट करणे यांचा परिणाम परस्परसंबंध सुधारण्याच्या उपक्रमांपेक्षा अधिक होता. तालवादन मुख्यतः परस्परसंबंधांच्या वर्गात मोडते. कामाचा अतिरिक्त भार, अपुरे वेतन किंवा अन्यायकारक वागणूक यांवर ते उपाय ठरू शकत नाही. मूळ तक्रार अनुत्तरित ठेवून घेतलेले सत्र उलट अविश्वास वाढवू शकते.

एका लयीत चालण्याचे परिणाम नेहमीच हितावह असतात असेही नाही. विल्टरमथ यांच्याच २०१२ मधील प्रयोगात, एका लयीत हालचाल केलेल्या व्यक्तींनी सोबत्याने केलेली किड्यांना मारण्याची विनंतीही अधिक प्रमाणात मानली. समूहाशी एकरूप होणे आणि समूहातील चुकीला विरोध करणे यांत ताण असतो, हे यातून सूचित होते.

सहभागाची सक्ती हा आणखी एक वादाचा मुद्दा आहे. लाजाळू स्वभाव, श्रवणदोष, मोठा आवाज सहन न होणे किंवा धार्मिक कारणे यांमुळे काहींना वादन नकोसे वाटते. फ्रान्सच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये एका सल्लागार कंपनीविरुद्धच्या प्रकरणात निर्णय दिला. कंपनीच्या ‘मौजमजेच्या’ संस्कृतीत सहभागी होण्यास नकार देणे हे बडतर्फीचे कारण होऊ शकत नाही, असे त्यात ठरवण्यात आले.

## ध्वनिविषयक दक्षता

बंद सभागृहात अनेक ढोल एकत्र वाजल्यास आवाज धोकादायक पातळी गाठू शकतो. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल ही आठ तासांसाठीची मर्यादा आहे. त्यापुढे दर ३ डेसिबल वाढीला सुरक्षित कालावधी निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबल आवाजात सुमारे १५ मिनिटेच राहणे सुरक्षित असते. त्यामुळे कानांतील बोळे पुरवणे, मध्ये विश्रांती घेणे आणि शक्यतो मोकळ्या जागेत सत्र ठेवणे हितावह मानले जाते.