नगरपालिका, कारागीर आणि गांवच्या भिंती

सार्वजनिक कला हा शब्द उच्चारतांच आपल्यापैकीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें पुतळा उभा राहतो. चौकांतील चौथरा, त्याभोंवतीं लोखंडी कठडा आणि वर्षांतून एकदां पडणारा हार. पुतळा ही सार्वजनिक कलाच आहे. परंतु तेवढीच नव्हे. जी कलाकृति पाहण्यासाठीं तिकीट काढावें लागत नाहीं, जिच्यासमोरून शाळेंत जाणारें मूल, बाजाराला निघालेला शेतकरी आणि कचेरीचा कारकून रोज जातात, आणि जिचा खर्च बहुधा सर्वांनीं मिळून भरलेल्या करांतून झालेला असतो, ती सार्वजनिक कला. शाळेची रंगविलेली भिंत, बसस्थानकावरील उठावाचें शिल्प, उद्यानांतील कारंजें, हीं सर्व तिच्यांत येतात. ती सुंदर कशी करावी हें कलावंतांनीं सांगावें. मला बोलावयाचें आहे तें निराळ्याच गोष्टीविषयीं. ती करून घेणाऱ्या नगरपालिकेला काय शिकावें लागतें, ती करणाऱ्या कारागिराला काय शिकवावें लागतें, आणि त्यासाठीं पैसा कसा बाजूला काढावा लागतो, एवढाच माझा विषय आहे.

हिंगोली जिल्ह्याला ही कला नवीन नाहीं. औंढ्याचें नागनाथाचें देऊळ यादवकालीन आहे. त्याच्या कोनाकोनांनीं मोडत गेलेल्या बाह्यभिंतींवर देवदेवता, नर्तकी आणि हत्ती कोरले आहेत. ज्याला आंत गाभाऱ्यांत उतरावयाचें नाहीं त्यालाहि प्रदक्षिणेंत हें सर्व फुकट पाहावयास मिळतें. खालचें काम दगडी, वरचें शिखर उत्तरकाळीं चुना-विटांनीं उभारलेलें. दोन काळांचा सांधा साध्या डोळ्यांना दिसतो. येथें नंदी देवळाच्या पाठीमागें आहे. नामदेवांच्या कीर्तनासाठीं देऊळच फिरलें, अशी त्याची कथा लोक सांगतात. कथा कशीहि असो. एवढी भिंत एका माणसाच्या हातून कोरून होत नाहीं. कामाच्या जागींच एक जण शिकवीत होता आणि दहा जण शिकत होते, आणि त्या सर्वांच्या पोटाची सोय करणारा कोणीतरी होता, असें मानल्याखेरीज तिचा उलगडा होत नाहीं.

आजची स्थिति पाहूं. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजीं झाला. हिंगोली, वसमत व कळमनुरी येथें नगरपरिषदा आहेत. सेनगांव व औंढा येथें नगरपंचायती आहेत. २०१४ सालीं स्वच्छ भारत अभियान निघालें, २०२० सालीं राज्यशासनाचें माझी वसुंधरा अभियान निघालें, आणि महाराष्ट्रांतील लहानमोठ्या गांवांतून भिंती रंगविण्याची एक लाट आली. त्यापूर्वींच शाळांतून ‘बोलक्या भिंती’ आल्या होत्या. म्हणजे पैसा खर्च होत नाहीं, असें कोणी म्हणूं नये. पैसा खर्च होतो. तो कसा होतो तें पाहिलें पाहिजे. भिंतीवरील चित्राचा दर बहुधा चौरस फुटावर ठरतो, जणूं तें चित्र नसून गिलावा आहे. ज्याची निविदा सर्वांत कमी दराची, त्याला काम. तो दूरच्या शहरांतून दोन माणसें पाठवितो. तीं मोबाईलवरील चित्र पाहून झाड, पृथ्वीचा गोल आणि झाडू हातीं घेतलेलें मूल काढतात आणि बिल घेऊन जातात. भिंतीला लोणा लागला आहे कीं नाहीं, तिच्यावर पन्हळीचें पाणी उतरतें काय, हें कोणी पाहत नाहीं. दोन पावसाळ्यांत मुलाचें तोंड पोपडे होऊन खालीं येतें.

आणि ह्याच गांवांत पाट्या रंगविणारे पेंटर आहेत. दुकानांच्या पाट्या, मालमोटारींच्या फळ्या आणि निवडणुकींच्या घोषणा रंगविण्यांत ज्यांचा हात बसला, त्यांचा धंदा फ्लेक्सच्या फलकानें बुडविला. एखाद्यानें ब्रश ठेवून दिला, एखादा घरांना रंग देऊं लागला. दुसरीकडे शाळांतून दरवर्षीं लाखोंच्या संख्येनें मुलें कलासंचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांना बसतात. शालान्त परीक्षेंत त्यांचे वाढीव गुण मिळतात, म्हणून पालकहि आनंदानें बसवितात. गुण मिळाले कीं रंगाची पेटी माळ्यावर जाते. मास्तरकींत आयुष्य गेल्यामुळें ही पेटी माळ्यावर जातांना मीं पुष्कळदां पाहिली आहे.

अशा एका मुलाचें काय होऊं शकतें ह्याचें उदाहरण अलिबागजवळच्या सासवण्यास आहे. विनायक पांडुरंग करमरकर १८९१ सालीं तेथें जन्मले. घरांत गणपतीच्या मूर्ती होत. ह्या मुलानें गांवच्या देवळाच्या भिंतीवर शिवाजीमहाराजांचें चित्र काढलें. कुलाबा जिल्ह्याचे त्या वेळचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड ह्यांच्या दृष्टीस तें पडलें, आणि त्यांनीं मुलाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत जाण्यासाठीं साह्य केलें. ह्या गोष्टींत आपल्या विषयाचे सर्व भाग आले आहेत: सार्वजनिक भिंत, गांवचा होतकरू हात, फिरतीवर डोळे उघडे ठेवणारा अधिकारी, आणि शिक्षणासाठीं केलेली तजवीज. पुढें करमरकरांनीं पुण्याच्या शिवस्मारकाचा अश्वारूढ पुतळा केला. तो माझगांवच्या गोदींत एकसंध ओतून रेल्वेनें पुण्यास नेला, आणि १६ जून १९२८ रोजीं त्याचें अनावरण झालें. तो आजहि उभा आहे.

आतां दुसरें उदाहरण, तेंहि शिवछत्रपतींच्याच पुतळ्याचें. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर नौदल दिनानिमित्त ४ डिसेंबर २०२३ रोजीं ३५ फूट उंचीच्या पुतळ्याचें अनावरण झालें, आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजीं तो कोसळला. नऊ महिनेहि भरले नव्हते. प्रथम वाऱ्याला दोष दिला गेला. चौकशी समितीच्या अहवालांत मात्र गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष जोडकाम हीं कारणें आलीं. आम्ही मान्यता दिली ती सहा फुटी मातीच्या नमुन्याला, पुतळा ३५ फुटांचा होणार हें आम्हांस कळविलें गेलें नव्हतें, असें कलासंचालकांनीं नंतर सांगितलें. मे २०२५ मध्यें त्याच जागीं नवा, अधिक उंच पुतळा उभा राहिला. तेव्हां ह्या प्रकरणीं कोणाला किती दोष द्यावा हा न्यायालयाचा प्रश्न; आपण त्यांतील एकच गोष्ट उचलूं. सहा फुटांची आकृति ३५ फुटांची झाली कीं ती तीच राहत नाहीं. तिचें वजन उंचीच्या पटीनें नव्हे, त्याहून कितीतरी वेगानें वाढतें. तिच्यावर वारा निराळा बसतो, खारी हवा तिच्या सांध्यांत शिरते. हें शिल्पकाराला व स्थापत्य-अभियंत्याला ठाऊक असलें तरी पुरत नाहीं. कागदावर सही करणाऱ्यालाहि कोणता प्रश्न विचारावयाचा हें ठाऊक असलें पाहिजे. तें शिक्षण त्याला कोण देतो?

हीं दोन शिक्षणें एकाच कामांत कशीं देतां येतात, हें मुंबईनें एकदां दाखविलें होतें. १८५७ सालीं निघालेल्या जे. जे. कलाशाळेंत १८६५ सालीं लॉकवुड किपलिंग वास्तुशिल्प शिकविण्यास आले. आर्थर क्रॉफर्ड हे नगरपालिकेचे आयुक्त असतांना १८६९ सालीं मोठी मंडई बांधून झाली. तिच्या प्रवेशद्वारावरील उठावशिल्पें किपलिंगांचीं आहेत. ह्या मंडईला आज महात्मा जोतिबा फुले ह्यांचें नांव आहे. भाजी घेण्याच्या घाईंत मान वर करून तीं पाहणारे थोडेच! पुढें १८८८ सालीं पुऱ्या झालेल्या बोरीबंदरच्या रेल्वेस्थानकाचें नक्षीकाम त्याच शाळेच्या विद्यार्थ्यांनीं केलें. दगडांतले मोर, पानें, मुखवटे हा त्यांच्या अभ्यासक्रमाचाच भाग झाला. बांधकाम करणाऱ्यांना माफक खर्चांत उत्तम काम मिळालें, मुलांना खरा दगड मिळाला, शाळेला गिऱ्हाईक मिळालें. तें परक्यांचें राज्य होतें आणि त्यांचे हेतु त्यांच्यापाशीं. पण व्यवस्था म्हणून ती घेण्याजोगी आहे.

पैशाच्या बाबतींत इतर देशांनीं एक सोपी युक्ति काढली आहे. इमारतीच्या खर्चाचा शेंकडा एक भाग कलेसाठीं प्रथमच बाजूस ठेवावयाचा. अमेरिकेच्या अर्थखात्यानें १९३४ पासून टपालकचेऱ्यांच्या बाबतींत असा एक टक्का धरला. फ्रान्सनें १९५१ पासून शाळांच्या इमारतींना तो नियम लावला. ह्यांतील मर्म असें कीं, कलेसाठीं निराळी मागणी घेऊन कोणाच्या दारीं जावें लागत नाहीं. आपल्याकडील हिशेब करूं. दोन कोटींच्या शाळेचा एक टक्का म्हणजे दोन लक्ष रुपये. त्यांतील एक पंचमांश, म्हणजे चाळीस हजार, देखभालीसाठीं राखून ठेवले, तर दहा वर्षें दरसाल चार हजार हातीं राहतात. एवढ्यांत भिंतीची धूळ झाडतां येते, उडालेला रंग भरतां येतो आणि पन्हळ दुरुस्त होते. चित्र टिकतें तें रंगापेक्षां पन्हळीमुळें, हें मुख्याधिकाऱ्यांनीं ध्यानांत घ्यावें.

इमारतींपुरतेंच कशाला? केरळांत पालक्काडजवळ मलंपुळा धरणाच्या उद्यानांत कानायी कुंजिरामन ह्यांची ‘यक्षी’ ही तीस फुटी मूर्ति आहे; ती १९६९ सालीं पाटबंधारे खात्याच्या आश्रयानें झाली. ती विवस्त्र आहे म्हणून प्रथम पुष्कळ गिल्ला झाला. आज लोक ती पाहण्यासाठीं तेथें जातात. आमच्या जिल्ह्यांत पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. तेथें यक्षीच करा असें मी म्हणत नाहीं. पण पाटबंधाऱ्याच्या खात्यालाहि कलावंत बोलावतां येतो, एवढें त्यावरून दिसतें.

मग शिकवावयाचें काय? कचेरींतील माणसांना चित्रकला शिकवूं नये. त्यांना मागणी कशी लिहावी तें शिकवावें. चौरस फुटाचा दर न मागतां तीन कलावंतांना बोलावून, प्रत्येकास थोडें मानधन देऊन नमुने करून घ्यावे; फुकटांत नमुने मागितले कीं ज्याला दुसरें काम नाहीं तोच येतो. निवड समितींत एक शिल्पकार किंवा चित्रकार, एक अभियंता, आणि त्याच गल्लींतील दोन रहिवासी असावे. करारांत उंची, साहित्य, मुदत व देखभाल स्पष्ट असावी, आणि उंची बदलली तर मान्यता पुन्हां घ्यावी असें कलम असावें. पुण्याची यशदा आणि मुंबईची अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था ह्यांच्याकडे पालिकांच्या नोकरवर्गास शिकविण्याचा अनुभव आहे. तेथें ह्या विषयाचा चार दिवसांचा वर्ग घालणें अवघड नाहीं.

कारागिराचें शिक्षण थोडें लांबट आहे. पाट्या रंगविणाऱ्याचा हात तयार असतो. त्याला भिंतीची परीक्षा, उन्हापावसांत टिकणारा रंग, लहान चित्राचें चौकटी आंखून मोठें चित्र करणें, आणि पालखावर सुरक्षित उभें राहणें शिकवावें लागतें. अंदाजपत्रक व बिल लिहिणें हेंहि शिकवावें लागतें. ह्या शेवटच्या विद्येवांचून पुष्कळ गुणी माणसें ठेकेदाराच्या हाताखालीं रोजंदारीवर राहतात. हें शिक्षण वर्गांत होत नाहीं. जी भिंत रंगवावयाचीच आहे तिच्यावरच एका अनुभवी चित्रकाराच्या हाताखालीं गांवचे चार पेंटर आणि परीक्षा दिलेलीं चार मुलें ठेवावीं, आणि सर्वांस मजुरी द्यावी. मुलांस मजुरी द्या म्हटलें कीं मंडळी दचकतात. पण मुलाच्या बापाला रंगाच्या पेटीविषयीं आदर वाटूं लागतो तो त्याच दिवशीं.

आमच्याकडे ह्यावर एक आक्षेप हटकून येतो. हळदीच्या भावाची शाश्वति नाहीं, नळाला पाणी नाहीं, आणि मास्तर चित्रें काढा म्हणतात! आक्षेप रास्त आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें, तरी शेतकऱ्याची चिंता मानांकनानें सरत नाहीं. नळाचा पैसा चित्राला द्या असें मी म्हटल्यास मला खुशाल गप्प बसवावें. पण भिंतींवर, फलकांवर आणि चौथऱ्यांवर जो पैसा आजच खर्च होत आहे, त्याचाच हिशेब मी मागत आहें. हिंगोलीच्या दसऱ्याला दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे. तेथें रावणाचा पुतळा एका रात्रीसाठीं उभा करतात आणि जाळतात. तो जळण्यासाठींच असतो. शाळेची भिंत तशी नसते.

औंढ्याजवळ दुधाळा येथें गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी लायगो-इंडिया ही प्रयोगशाळा व्हावयाची आहे. केंद्र सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें तिच्यासाठीं सुमारें २६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या दोन बाहूंची लांबी प्रत्येकीं चार किलोमीटर असावयाची आहे. एक टक्का मागावा तर २६ कोटी होतात. तितकें धाडस माझ्यांत नाहीं. दहाहजारांवा हिस्सा मागतों, म्हणजे २६ लक्ष. त्यांत औंढ्याचें बसस्थानक, दुधाळ्याची शाळा आणि प्रयोगशाळेकडे जाणाऱ्या रस्त्याची एक लांब भिंत होईल. ताऱ्यांच्या टकरींतून उठणारी लहर म्हणजे काय, हें हळदीच्या गाडीवर बसून जाणाऱ्या माणसालाहि त्या भिंतीवरून थोडेंबहुत कळेल. मंजुरीच्या वेळीं हें काम २०३० च्या सुमारास पुरें व्हावें असें धरलें होतें. आज इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसलेला मुलगा तोंवर विशीच्या आसपास असेल. त्याला कोणाच्या हाताखालीं ठेवावयाचें हें नगरपंचायतीनें आणि जिल्हा नियोजन समितीनें आतांच ठरवावें, म्हणजे निविदा निघेल त्या दिवशीं अर्ज करणाऱ्यांत औंढ्याचेंहि एक नांव असेल.