पगाराची पावती, भाग 6 : काम गेल्यावर भत्ता कुणाला?

मागच्या भागात ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या, वर्गणीचा हिशेब पाहिला. कामगाराचा पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के, आणि पगाराची मर्यादा महिना 21,000 रुपये. या वर्गणीवर दवाखाना मिळतो हे चाकण-वाळूजच्या कुठल्याही कामगाराला ठाऊक असतं. काम गेल्यावर रोख भत्ताही मिळू शकतो, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे. हा भत्ता देणारी ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ 1 जुलै 2018 पासून सुरू आहे.

आधी रक्कम पाहू. सुरुवातीला सरासरी रोजच्या पगाराचा पाव हिस्सा मिळायचा. 2020 मध्ये, कोविडच्या काळात, तो वाढून निम्मा झाला. सरासरी काढताना मागच्या दोन वर्षांची कमाई 730 दिवसांनी भागतात. सलग दोन वर्षं महिना 18,000 मिळवणाऱ्याला दिवसाला साधारण 296 रुपये पडतात. भत्ता जास्तीत जास्त 90 दिवसांचा, म्हणजे एकूण सुमारे 26,600 रुपये. आणि तोही आयुष्यात एकदाच.

आता पात्रता. काम जाण्याआधी किमान दोन वर्षं विमा असलेली नोकरी हवी. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे सहामाही कालावधी असतात. काम गेलं त्याच्या लगेच आधीच्या सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असावी, आणि दोन वर्षांतल्या उरलेल्या तीनपैकी एका सहामाहीतही तेवढीच. ठेकेदार बदलताना खाडे पडतात, तिथे बरेचजण या अटीत अडकतात.

इतर उत्पन्नाचं काय? बायकोला पगार आहे किंवा मुलगा कमावतो, म्हणून भत्ता अडत नाही. अटी तुमच्या नोकरीशी आणि वर्गणीशी बांधलेल्या आहेत. पीएफचा दावाही स्वतंत्र, त्याचं कार्यालय वेगळं. मात्र त्याच दिवसांसाठी ईएसआयचा आजारपणाचा भत्ता आणि हा भत्ता असे दोन्ही मिळत नाहीत. कामावरच्या अपघातामुळे आलेल्या कायमच्या अपंगत्वाचे हप्ते चालू असतील, तर ते तसेच चालू राहतात. दोन ठिकाणी विमा असलेली नोकरी असेल, तर दोन्हीकडचं काम गेल्याशिवाय तुम्ही बेरोजगार ठरत नाही. आणि 90 दिवस संपण्याआधी नवी नोकरी लागली, की भत्ता तिथेच थांबतो.

खरी मेख आहे ती काम जाण्याच्या कारणात. शिस्तभंगावरून काढलेला, वयोमानाने किंवा स्वेच्छेने निवृत्त झालेला, बेकायदा संपावर गेलेला, स्वतःहून काम सोडलेला, यांतल्या कुणालाही भत्ता नाही. आता कारखान्यात काय घडतं ते आठवा. माणसं कमी करायची असली, की हिशेब देताना राजीनाम्याच्या कागदावर सही घेतली जाते. कपात झालेला माणूस त्या सहीने कागदोपत्री ‘स्वतःहून गेलेला’ ठरतो आणि हक्काच्या भत्त्याला मुकतो.

काम गेल्यावर 30 दिवसांनी अर्ज करता येतो, आणि त्यावर मालकाच्या शिफारशीची गरज नाही; तो थेट ईएसआयच्या शाखेत द्यायचा, पैसे बँकेच्या खात्यात येतात. योजनेला ठरावीक मुदतीची वाढ दिली जाते, म्हणून सध्याची मुदत शाखेतच विचारून घ्या. आणि काढून टाकलं असेल, तर राजीनामा लिहून देऊ नका. काढल्याचं पत्र मागा.