सायकलचा दिवा

आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. सायकल मात्र वडिलांची. त्यांची रात्रपाळी नसली की ती माझी. तिचा डायनॅमो ६ व्होल्ट, ३ वॅटचा. चाक फिरेल तोवरच उजेड. चौकात थांबलो की अंधार, आणि मागे ट्रक! म्हणून शिष्यवृत्तीच्या पैशांतून झगझगीत एलईडी दिवा घेतला. पहिल्याच रात्री समोरचा मोटारसायकलवाला दिपला आणि थेट माझ्याच अंगावर आला. दोष दिव्याचा नव्हे. मीच तो लोकांच्या डोळ्यांच्या रोखाने बसवला होता. जर्मनीत सायकलच्या दिव्याचा झोत वरच्या बाजूने कापलेला असावा लागतो, तो याचसाठी. आता झोत १०-१२ पावलांवर रस्त्याला टेकतो. मागचा लाल दिवा स्थिर ठेवतो. नुसता लुकलुकणारा दिवा किती दूर आहे हे नीट कळत नाही. वडील रात्रपाळीला निघाले की दिव्याचा कोन मी हात लावून तपासतो. ते हसतात.