शोकसुखात्मिका
शोकसुखात्मिका : शोकात्म व सुखात्म अशा दोन्ही घटकांच्या संयोगातून सिद्ध होणारा नाट्यप्रकार. ‘ट्रॅजिकॉमेडी’ या संज्ञेचा हा मराठी पर्याय. रोमन नाटककार प्लॉटस (इ. स. पू. सु. २५४–१८४) याने ‘अँफिट्रुओ’ या नाटकाच्या प्रास्ताविकात ही मिश्र संज्ञा विनोदाने योजिली, कारण त्यात देव व राजे यांच्यासमवेत दासही रंगमंचावर येतात. म्हणजे आरंभी हा भेद पात्रांच्या दर्जावर आधारलेला होता. इंग्रज नाटककार जॉन फ्लेचर (१५७९–१६२५) याने निराळी कसोटी मांडली : अशा नाटकात मृत्यू घडत नाही, म्हणून ते शोकात्मिका नव्हे, परंतु पात्रे मृत्यूच्या समीप जातात, म्हणून ते निव्वळ सुखात्मिकाही नव्हे.

विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त (चौदावे शतक) हास्य व करुण हे परस्परविरोधी रस मानले आहेत. तथापि शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त हास्यास्पद शकारच वसंतसेनेचा गळा दाबतो आणि निरपराध चारुदत्तास वधस्थानापर्यंत पोहोचवितो. लोकनाट्यातही हा मेळ आढळतो. राजापूर तालुक्यातील नाटे हे गाव ज्या दक्षिण कोकणात आहे, तेथे नमन-खेळे आणि त्याच्या दक्षिणेस दशावतार या परंपरा रुजल्या आहेत. दशावताराच्या पूर्वरंगात वेद चोरणारा संकासूर मालवणी बोलीतील संवादांनी प्रेक्षकांस हसवितो आणि अखेर विष्णूच्या हातून मारला जातो. येथे मात्र त्याच्या मृत्यूचा शोक अभिप्रेत नसतो.

मराठी नाटकात गो. ब. देवल यांचे ‘शारदा’ (१८९९) फ्लेचरच्या कसोटीस उतरते. वृद्ध भुजंगनाथाची विवाहाची हौस हास्यकारक आहे. पण त्याच हौसेपायी शारदा आत्मघातास प्रवृत्त होते. ती वाचते व नाटक सुखान्त होते. तरी प्रेक्षक ज्याला हसला, तीच गोष्ट एका मुलीच्या जिवावर उठली होती, ही जाणीव मागे उरते. राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’त (प्रथम प्रयोग १९१९) शेवट निखळ शोकात्म आहे. तळीराम व त्याचे मद्यपी मंडळ यांचे प्रवेश वरवर पाहता केवळ विसाव्याचे वाटतात. परंतु सुधाकराच्या हाती पहिला प्याला देणारा तळीरामच असल्याने विनोद हा येथे शोकाचे कारण बनतो. हे प्रवेश गाळल्यास मद्याचे आकर्षणही कळेनासे होईल.

विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकात हा संबंध अधिक तीव्र होतो. वेळ घालविण्यासाठी मांडलेल्या लुटुपुटीच्या खटल्यात लीला बेणारे या शिक्षिकेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. आरंभी सर्वजण हसतात. पुढे तिचे खाजगी आयुष्य उघडे पाडले जाते आणि खेळाचे रूपांतर छळात होते. त्या हसण्यात सहभागी झालेला प्रेक्षक स्वतःस त्या छळापासून अलिप्त मानू शकत नाही. सतीश आळेकर यांच्या ‘महानिर्वाण’मध्ये (१९७४) मृत भाऊराव स्वतःच कीर्तनाच्या ढंगात आपल्या मरणाची कथा सांगतो. येथे मरण व विनोद यांतील सीमारेषाच पुसली जाते.

या प्रकारात प्रयोगाची दिशाही निर्णायक ठरते. ‘द चेरी ऑर्चर्ड’ (१९०४) हे आपले नाटक सुखात्मिका आहे, असा चेकॉव्हचा आग्रह होता. स्तानिस्लाव्हस्कीने मात्र ते शोकात्म वृत्तीने सादर केले. सॅम्युएल बेकेट याने ‘वेटिंग फॉर गोदो’च्या इंग्रजी आवृत्तीस ‘ट्रॅजिकॉमेडी’ असेच उपशीर्षक दिले.

हसू व आसू आलटूनपालटून आणणारे प्रत्येक नाटक शोकसुखात्मिका ठरत नाही. गंभीर कथेत केवळ विरंगुळ्यासाठी घातलेला विनोदी प्रवेश काढून टाकता येतो. एकाच घटनेतून दोन्ही भाव निर्माण होत असतील आणि एकाशिवाय दुसऱ्याचा अर्थ अपुरा राहत असेल, तरच हा प्रकार सिद्ध होतो.