जमिनीवरचा स्लॅब : ‘के’ निम्माच निघाला तर?

सांध्यांचा विषय पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण ‘के’वरच्या, म्हणजे जमिनीच्या ताठरपणाच्या आकड्यावरच्या, लेखानंतर आलेला एक प्रश्न आधी घ्यायला हवा. गोदामाच्या जागेचा भिजवलेला सीबीआर (जमिनीच्या मजबुतीची टक्केवारी) ७ टक्के आला. आयआरसी ५८ या काँक्रीट रस्त्यांच्या संहितेतल्या तक्त्याप्रमाणे त्याला ‘के’ मिळतो ४८ मेगापास्कल प्रति मीटर. प्रत्यक्ष जागेवर ७५० मिलिमीटरची प्लेट दाबून पाहिली तर निघाला २४. खरा कुठला? माझं उत्तर असं की २४ धरा आणि पुढे चला. वेस्टरगार्डने १९२६ मध्ये मांडलेल्या स्लॅबमधल्या ताणाच्या सूत्रात ‘के’ येतो तो चौथ्या मुळातून, आणि त्यावर पुन्हा लॉगरिदम बसतो. २०० मिलिमीटरचा स्लॅब आणि त्याच्या मधोमध फोर्कलिफ्टचं ३० किलोन्यूटनचं चाक घेऊन हिशेब करा. ‘के’ ४८ असताना ताण येतो सुमारे १.०६ मेगापास्कल, २४ असताना १.१३. जमीन निम्म्याने मऊ झाली, ताण वाढला जेमतेम ७ टक्के, आणि तो भरून काढायला जाडी लागते आणखी सात मिलिमीटर. साइटवर भरावाची पातळी याहून जास्त खालीवर असते.

मग चाचणी करायचीच कशाला, असं कुणी विचारेल. करायची, पण एका आकड्यासाठी नव्हे, आकडा जागोजागी किती बदलतो ते कळण्यासाठी. सगळीकडे २४ असलेली जमीन मला चालेल. अर्ध्या भागात ६० आणि अर्ध्यात २० असलेली चालणार नाही. उतारावरची जागा सपाट करताना एका बाजूला मुरूम कापला जातो आणि दुसऱ्या बाजूला तोच भरला जातो. स्लॅब त्या सीमेवर वाकतो. कॉलमच्या पायाचे खड्डे बुजवताना तर मोठा रोलर आत जातच नाही. तिथे पातळ थर देऊन, पाणी मारून, हाताच्या कॉम्पॅक्टरने दाबावं लागतं, आणि घाईत नेमकं तेच राहतं. पुढे कॉलमभोवती तडा दिसला की दोष काँक्रीटच्या ग्रेडला दिला जातो. आणखी एक खबरदारी: चाचणी ३०० मिलिमीटरच्या प्लेटने झाली असेल तर आलेला ‘के’ ०.४४ ने गुणा, आणि काळ्या मातीवर मे महिन्यातला कोरडा आकडा कधीच वापरू नका.

खरा आक्षेप वेगळा आहे. चाकाचं जाऊ द्या, गोण्यांच्या थप्प्यांचं काय? रुंद थप्पीचा ५० किलोपास्कल भार ४८ च्या ‘के’ने भागला तर जमीन एक मिलिमीटर खचते असं उत्तर येतं. उरणकडच्या खाडीच्या चिकणमातीवर या उत्तरावर विसंबणं धोक्याचं आहे. प्लेटचा दाब जेमतेम दीड मीटर खोल पोचतो. दहा मीटर रुंद थप्पीचा दाब त्याच्या कितीतरी खाली जातो, आणि तिथला मऊ थर वर्षानुवर्षं पाणी सोडत बसत राहतो. ‘के’ म्हणजे एकमेकींशी संबंध नसलेल्या स्प्रिंगांची कल्पना. खोल थर किंवा काळ तिला कळत नाही. तेव्हा थप्प्यांचं गोदाम असेल तर दुसऱ्या प्लेट टेस्टचे पैसे वाचवा आणि त्यात एक खोल बोअर जास्त मारून घ्या.