शेततळ्याचें अस्तर

कोरेगांव तालुक्याच्या पूर्व भागांत पाऊस बेताचाच; म्हणून सांठविलेलें पाणी मुरूं न देणें हा तिकडील शेततळ्याचा मुख्य प्रश्न होय. त्यास अस्तर कोणतें घालावें? सामान्यतः ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर, जाडीचें काळें प्लॅस्टिक घेतात. पातळ कागद स्वस्त पडतो, पण खड्याच्या टोंकानें लवकर फाटतो. काळा रंग काजळीचा असून तीच उन्हापासून त्याचें रक्षण करते.

परंतु निवड करतांना एक गोष्ट विसरली जाते. साताऱ्याजवळील लिंबच्या बारा मोटांच्या विहिरीस दगडी पायऱ्या आहेत. तेथें पाय टेकतो. प्लॅस्टिकच्या उतारावर शेवाळ धरतें, आणि सुटींत गांवीं आलेलीं आपलीं मुलें पोहावयास उतरलीं तर, पोहतां येत असूनही, त्यांस वर चढतां येत नाहीं. अशा तळ्यांत मुलें बुडाल्याच्या वार्ता महाराष्ट्रांत वारंवार येतात.

यास्तव आमची वाचकांस विनंती अशी कीं, अस्तराच्या खर्चांतच गांठी मारलेल्या दोरांचा खर्च धरावा. ते चारही बाजूंस कांठावर घट्ट बांधून पाण्यांत सोडावे, जवळ हवा भरलेली ट्यूब ठेवावी, व सभोंवार कुंपण घालून त्याच्या दारास कुलूप लावल्यावरच तळें भरावें.