एकाच आंब्याला इतके रंग कशाला?

बारावीनंतर जीवशास्त्राशी आपण सगळ्यांनीच काडीमोड घेतला, पण एक प्रश्न काही माझा पिच्छा सोडत नाही. आंब्याचं झाड एक, माती एक, पाणी एक. मग कोवळी पालवी तांबूस, जून पान गर्द हिरवं, कोवळी मुळं पांढरट आणि पिकलेला हापूस केशरी, असं का?

झाडाच्या प्रत्येक पेशीतला डीएनए सारखाच असतो. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळ्या बोर्डांवर प्रोग्रॅम एकच, पण कुठलं फंक्शन कॉल व्हायचं ते पेशी कुठे आहे, तिचं वय काय, उजेड मिळतो का, यावर ठरतं.

पान म्हणजे झाडाचं सोलर पॅनेल. त्यातलं हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश भरपूर शोषतं. हिरवा त्यामानाने कमी शोषला जातो, तोच आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. मुळांना उजेडच नाही, मग तिथे हरितद्रव्य बनवून करायचं काय? जमिनीखाली पॅनेल कोण लावेल?

पालवीत ही यंत्रणा अजून पुरती उभी राहिलेली नसते. तोवर कडक उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून अँथोसायनिन हे तांबूस द्रव्य छत्रीचं काम करतं, असं मानलं जातं. पान जून झालं की ते ओसरतं. गळण्याआधी पान पिवळं पडतं तेव्हा मात्र नवा रंग चढवलेला नसतो. झाड हरितद्रव्य मोडून त्या पानातला नायट्रोजन परत घेतं आणि आधीपासूनच तिथे असलेली पिवळी कॅरोटिनॉइड्स उघडी पडतात.

आता फळ. फळाचा रंग म्हणजे जाहिरात! कोय तयार झाली, या आणि खा, म्हणजे बी लांब जाईल. फळ पूर्ण तयार झालं की त्यात इथिलीन वायू तयार होतो आणि एकदम बरीच कामं सुरू होतात. सालीतलं हरितद्रव्य मोडतं, गरात बीटा-कॅरोटीन वाढतं, स्टार्चची साखर होते, आंबटपणा कमी होतो. रंग आणि गोडी जोडीनं येतात, म्हणूनच आपण रंगावर विश्वास ठेवतो.

आणि नेमकं इथेच आपल्याला फसवलं जातं. कॅल्शियम कार्बाईडला ओलावा लागला की अ‍ॅसिटिलीन निघतो (वेल्डिंगवाल्यांचा तोच). तो इथिलीनची नक्कल करतो. कोवळा आंबाही बाहेरून पिवळाधमक होतो, पण आत साखर व्हायला पुरेसा स्टार्च साठलेलाच नसतो. शिवाय बाजारी कार्बाईडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात. म्हणून फळं पिकवायला कार्बाईड वापरायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायू मात्र 100 पीपीएमपर्यंत वापरता येतो, कारण तो फळाचा स्वतःचाच सिग्नल आहे.

तेव्हा मित्रहो, मे महिन्यात सबमिशनच्या धावपळीत गाडीवरून आंबे घेताना नुसत्या रंगावर जाऊ नका. देठाजवळ वास घ्या, हलकेच दाबून बघा. सगळी पेटी एकसारखी पिवळी, वास नाही आणि फळ टणक, असं असेल तर सरळ पुढे चला. त्यापेक्षा तयार कैऱ्या आणून पेंढ्यात अढी घाला. आठवडाभर धीर धरावा लागेल, पण रंग खरा असेल.